स्टॉप आधी लिहा

बोर्ड माझ्या टेबलावर होता तोवर एकदाही चुकला नाही. यू-बूट सुरू व्हायचा, टीएफटीपीने कर्नल ओढून घ्यायचा, पडद्यावर हॅशच्या खुणा भराभर उमटायच्या आणि लिनक्स उभं राहायचं. इथरनेट ड्रायव्हर मी लिहिलेला, तोही पहिलाच. काम झालं असं सांगून मी तो सोपवला. पंधरा दिवसांनी ग्राहकाकडून निरोप आला : दहा-बारा वेळा बोर्ड चालू केला की एकदा तरी कर्नल कोसळतो, आणि दर वेळी वेगळ्या जागी.

वेगळ्या जागी म्हटल्यावर आम्ही मेमरीवर संशय घेतला. रात्रभर चाचणी लावली, काही निघालं नाही. वीजपुरवठा तपासला, मेमरीचे टायमिंग बदलून पाहिले. आठवडा गेला. शेवटी ग्राहकाच्याच कार्यालयात बसून, कर्नल पडल्यावर जेटॅग लावून, बिघडलेला मेमरीचा तुकडा उघडला. सलग सहा बाइट एफएफ. पुढचे सहा बाइट कुठल्याशा यंत्राचा मॅक पत्ता. त्यापुढे ०८ ०६. नेटवर्कचं काम करणाऱ्याला हे बघताक्षणी कळतं : ही एआरपीची ब्रॉडकास्ट फ्रेम. पत्ता जुळवून पाहिला, तर तो त्याच मजल्यावरच्या प्रिंटरचा निघाला. प्रिंटरने नेटवर्कवर हाक मारली होती आणि ती लिनक्सच्या मेमरीत जाऊन पडली होती.

दोष माझ्या ड्रायव्हरमध्ये होता. यू-बूटच्या इथरनेट ड्रायव्हरला स्टार्ट, सेंड, रिसीव्ह, स्टॉप अशी मोजकी फंक्शनं द्यावी लागतात. माझं स्टॉप रिकामं होतं, नंतर भरू म्हणून ठेवलेलं. यू-बूट आपलं काम इमानाने करत होता. फाइल उतरली की स्टॉपला बोलावत होता. पण त्याने चिपला काहीच कळत नव्हतं. चिपचा डीएमए प्रोसेसरला न विचारता आलेली फ्रेम ठरलेल्या बफरमध्ये टाकतो, आणि ते बफर होते यू-बूटच्या जागेत. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवतो. लिनक्स आलं की ती जागा त्याच्या लेखी मोकळी, ते ती लगेच वापरायला घेतं. लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर चिप रीसेट करेपर्यंत मधे काही सेकंद जातात. माझ्या रिंगमध्ये चारच बफर होते, म्हणजे फार तर चार फ्रेम. पण एकसुद्धा पुरते.

माझ्या टेबलावर बोर्ड थेट लॅपटॉपला जोडलेला असायचा. तिथे त्या काही सेकंदांत हाक मारणारं कुणीच नव्हतं.

म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे, स्टॉप आधी लिहा. मॅकचा रिसीव्हर बंद करा, डीएमएला थांबायला सांगा, आणि तो थांबल्याचं स्टेटस रजिस्टरमध्ये दिसेपर्यंत वाट पाहा. हात-पाय न हलवता कायमची वाट बघू नका. मर्यादा घाला आणि ती ओलांडली तर चिप सरळ रीसेट करा. मग बोर्ड गजबजलेल्या स्विचवर लावा, दुसऱ्या यंत्रावरून ब्रॉडकास्टचा मारा सुरू ठेवा आणि शंभर वेळा बूट करा. लॅपटॉपला जोडलेल्या एका वायरवर घेतलेली चाचणी मी आता चाचणी धरत नाही.

कॅशनेही मला असंच फसवलं. टीएफटीपी मधेच अडायचा आणि टाइमआउटचे टी उमटत राहायचे. डेटा कॅश बंद केली की सगळं सुरळीत. तसंच देऊन टाकावं असा मोह त्या वेळी फार होतो. प्रत्येक बफरची नोंद ठेवणारा माझा डिस्क्रिप्टर १६ बाइटचा आणि कॅशची ओळ ६४ बाइटची, म्हणजे एका ओळीत चार डिस्क्रिप्टर नांदत होते. वापरून झालेला एक चिपला परत देताना मी फ्लश करायचो, तेव्हा पूर्ण ओळ मेमरीत लिहिली जायची. शेजारच्या डिस्क्रिप्टरवर चिपने तेवढ्यात ‘फ्रेम आली’ असं नोंदवलेलं असायचं, त्यावर माझी शिळी प्रत जाऊन बसायची. फ्रेम आलेली असूनही माझ्या लेखी आलीच नाही. डिस्क्रिप्टर कॅशविरहित मेमरीत ठेवा, किंवा ओळीतले चारही मोकळे झाल्यावरच एकदम परत द्या. बफर मात्र कॅशच्या ओळीच्या हद्दीवर सुरू व्हायला आणि संपायला हवेत, नाहीतर इनव्हॅलिडेट करताना शेजारचा डेटा जातो.

मॅक आणि फाय चिपला जोडणाऱ्या आरजीएमआयआयचंही थोडक्यात सांगतो. गिगाबिट वेगाला तिथे घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं असतं आणि ते डेटापेक्षा साधारण २ नॅनोसेकंद मागे ठेवावं लागतं. हा विलंब मॅक, फाय किंवा बोर्डवरच्या तारा यांपैकी कुणीतरी एकानेच द्यायचा. दोघांनी दिला किंवा कुणीच नाही दिला, तर लिंकचा दिवा लागतो पण पॅकेट धड जात नाही. ड्रायव्हरला हात लावण्याआधी हा विलंब कुणी द्यायचा ते सांगणारी डिव्हाइस ट्रीमधली ओळ हार्डवेअरवाल्यांसोबत बसून तपासा.

तो बोर्ड दुरुस्तीनंतर ग्राहकाच्याच मजल्यावर, तो प्रिंटर चालू ठेवून, आम्ही तीन दिवस सतत रीसेट करत ठेवला. कर्नल एकदाही पडला नाही. दुरुस्ती होती अकरा ओळींची.