झाड पाडण्याआधी: कूपतोडीच्या टोळीकडून घ्यायचे धडे



मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधावरची कललेली बाभूळ एकट्यानेच तोडायला घेतली. समोर खाच न घेता त्याने मागून करवत चालवली. खोड अर्धे कापून होताच ते मधोमध उभे चिरले आणि चिरलेला भाग उसळून त्याच्या छातीवर बसला. त्याच्या दफनविधीला आम्ही होतो. घरी तीन लेकरे आहेत. म्हणून या वेळी या पानावर खत-बियाण्यांऐवजी झाडतोडीचा धडा देत आहोत.

हैदराबादच्या उत्तरेला दूलपल्ली येथे वनअकादमी आहे. वनखात्याचे कर्मचारी तेथे शिकतात. पण प्रत्यक्ष कुऱ्हाड चालवणारा मजूर बहुधा जंगलातच, जुन्या गड्याच्या हाताखाली शिकतो. आदिलाबाद, किनवट, आलापल्ली या सागवानाच्या पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आपल्याकडे १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या त्या याच कामासाठी. टोळीत नवा आलेला पोरगा आधी फांद्या साळतो, ओंडके ओढतो आणि झाड कसे पडते ते पाहतो. खोडाला हात लावायची पाळी नंतर येते. आपण मात्र कुऱ्हाड उसनी आणतो आणि थेट बुंध्याला भिडतो!

पहिला धडा : आधी पाहावे. झाड कोणीकडे कलले आहे, फांद्यांचा भार कोणत्या बाजूला आहे, वर वाळकी फांदी अडकली आहे का, वेलींनी शेजारच्या झाडाला बांधले आहे का, खोड पोकळ आहे का, जवळ विजेची तार आहे का? तार असेल तर वीज मंडळाच्या माणसाला कळवल्याशिवाय काम सुरू करू नये. फार कललेले झाड जाणत्याकडेच सोपवावे.

दुसरा धडा : पळायची वाट आधी साफ करावी. ही वाट झाड पडण्याच्या दिशेच्या उलट, पण तिरपी असावी. सरळ मागे पळू नये, कारण पडताना बुंधा मागे उसळतो. बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावे. झाड १२ मीटरचे असेल तर अंतर २४ मीटर.

तिसरा धडा : खाच आणि बिजागरी. ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला खोडाच्या जाडीच्या सुमारे पाव भाग खोल खाच घ्यावी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटे वर, आडवा काप घ्यावा. दोन्ही काप एकमेकांना मिळू देऊ नयेत. मध्ये जाडीच्या सुमारे दहाव्या भागाइतके लाकूड राखावे; ३० सेंटिमीटरच्या खोडाला ३ सेंटिमीटर. हेच लाकूड दाराच्या बिजागरीसारखे झाडाला वळवते. ते कापले की झाड आपल्या ताब्यात राहत नाही. करवत अडकू लागली तर मागच्या कापात पाचर ठोकावी. त्या बाभळीला समोर खाच असती तर तिला पुढे झुकायला जागा मिळाली असती, आणि खोड चिरण्याचा धोका कमी झाला असता.

चौथा धडा : दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जाऊ नये, त्यावर चढू नये. लांब दोर लावून दुरूनच ओढावे.

पाचवा धडा : शरीर सांभाळावे. काम सकाळच्या गारव्यात करावे, पाणी वरचेवर प्यावे, पायात जाड बूट व डोक्यावर टोप असावा. बोथट कुऱ्हाड घसरते, म्हणून धार आधी लावावी. जखम वाहू लागली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी. पाठीला किंवा मानेला मार बसला असेल तर माणसाला उचलून बसवू नये. १०८ ला फोन करावा. ही सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली, आणि २०१४ पासून महाराष्ट्रातही आहे.

परवानगीचेही लक्षात ठेवावे. झाड आपल्या शेतातले असले तरी महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातील यादीत असलेल्या झाडांना, आणि तेलंगणात २००२ च्या जल, जमीन व वृक्ष कायद्याप्रमाणे, आधी परवानगी लागते. अर्ज करून वाट पाहण्यात चार दिवस गेले तर जाऊ द्यावेत. तेवढ्यात झाडाचा कल नीट पाहून होतो.

शेवटी एकच विनंती. एकट्याने झाड तोडू नका. रविवारी मिस्सानंतर शेजाऱ्याला विचारा, "उद्या तासभर येशील का?" त्या दिवशी बाभळीपासून दूर उभा राहून हाक मारणारा एक जण जरी असता, तरी कदाचित हा धडा लिहिण्याची पाळी आमच्यावर आली नसती.