'समतोल' म्हणजे थोडे थोडे नव्हे



गरोदर बाईच्या केसपेपरवर 'समतोल आहार घ्यावा' असे आम्ही नर्सेस वर्षानुवर्षे लिहीत आलो. एकदा हिमोग्लोबिन 8 असलेल्या एका ताईंना विचारले, काय खाता? त्या म्हणाल्या, "समतोलच खाते, सिस्टर. पहिल्यासारखं पोटभर नाही, थोडं थोडं." समतोल म्हणजे कमी, असे त्या धरून चालल्या होत्या. चूक आमची. आम्ही शब्द दिला, अर्थ दिलाच नाही.

सम म्हणजे सारखा, तोल म्हणजे वजन. तराजूची दोन्ही पारडी सारखी राहिली की तो समतोल. एका पारड्यात ताट, तर दुसऱ्यात काय? शरीराची गरज. दिवसभर घमेली उचलणारी, पोटुशी, अंगावर पाजणारी, यांचे ते पारडे जड. तिथे थोडे खाल्ले की तोल गेलाच. आणि शुगर असलेल्या बैठ्या माणसाने परातभर भात खाल्ला, तरी गेला. म्हणजे हे विशेषण नुसत्या ताटाला लावून भागत नाही, ताट कोणापुढे आहे तेही पाहावे लागते. ('संतुलित' हा त्याचाच पुस्तकी भाऊ.)

भिक्खू सोणाचे पाय चालून चालून रक्ताळले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर नाही, ढिली सोडली तरी नाही. त्या पाली सुत्तात यासाठी 'समता' हाच शब्द आहे. 1928 साली आपल्या चळवळीच्या पाक्षिकाचे नावही 'समता'च होते.

आता ताटाकडे. भाकरी-भाताबरोबर रोज घट्ट डाळ किंवा उसळ, पालेभाजी, वर लिंबू पिळून. जमेल तेव्हा अंडे, सुकट, मटण. सुकटीला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मटण-मासळीतले लोह पालेभाजीतल्यापेक्षा अंगी चांगले लागते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. मात्र 8 वर आलेले रक्त नुसत्या ताटाने भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या हव्यातच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. त्या ताई घरात सगळ्यांच्या शेवटी जेवत. उसळीचा रस्साच उरलेला असे. पुढच्या तपासणीला आम्ही त्यांच्या सासूबाईंनाही बोलावून घेतले. तुम्हीही येताना सासूबाईंना किंवा नवऱ्याला सोबत आणा. तराजूची गोष्ट त्यांनाही सांगायची आहे.