शेतीतील वृद्धांचे स्थान

हातून नांगर सुटला की माणूस निरुपयोगी झाला, अशी समजूत हल्ली पुष्कळ घरांत दिसून येते. तिच्यापायी शेतीचेच नुकसान होते, असे आमचे मत आहे.

बियाण्याचे उदाहरण घेऊ. उभ्या पिकातून निरोगी, टपोरी कणसे निवडावी, दाणे चांगले वाळवावे, राख व कडुनिंबाचा सुका पाला मिसळून ते कणगीत भरावे व तोंड शेणमातीने लिंपावे, हे ज्ञान बहुधा वृद्धांपाशी, विशेषतः वृद्ध स्त्रियांपाशी असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. परंतु वडीलधाऱ्यांच्या शिकवणीवर त्यांनी गावरान वाणांची बीजपेढी उभारली व २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. ज्या घरी आजीस कोणी विचारीत नाही, त्या घरचे वाण तिच्याबरोबरच लोपतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुलाच्या नावे सातबारा झाला की बापाची विचारपूस थांबते, असेही घडते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या कायद्याप्रमाणे बक्षीसपत्रात सांभाळाची अट असून ती मोडली गेल्यास ते न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. म्हणून अट स्पष्ट लिहावी.

तथापि ती पाळी येऊ नये. पेरणीपूर्वी घरच्या वृद्धांजवळ घटकाभर बसावे व त्यांच्या अनुभवाच्या गोष्टी वहीत टिपून घ्याव्या. आज आपण त्यांस जो मान देऊ, तोच उद्या आपल्या वाट्यास येणार आहे.