ड्रेसिना ठेवा, पण बशीत पाणी साठवू नका

वर्षावासाच्या दिवसांत संध्याकाळी विहारात बसणं होतं, तेव्हा आमच्या भगिनी कुंडीतल्या ड्रेसिनाबद्दल दोन प्रश्न हमखास विचारतात. पानांची टोकं का करपतात? आणि हे झाड घरात असलं की हवा शुद्ध होते, हे खरं का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, तो पाण्याचा आणि डासांचा. आरोग्याच्या पानावर तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हणून या वेळी तिन्हींबद्दल लिहीत आहोत.

ड्रेसिना हे मुख्यतः आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांतलं झाड. मक्यासारख्या रुंद पानांचं, बारीक लाल कडेच्या पानांचं, पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचं ‘साँग ऑफ इंडिया’, असे त्याचे अनेक प्रकार रोपवाटिकेत मिळतात. तलवारीसारख्या उभ्या पानांचं स्नेक प्लांटही आता शास्त्रज्ञ याच कुळात धरतात. आणि दुकानात काचेच्या भांड्यात मिळणारा ‘लकी बांबू’ हा बांबू नाहीच, तोही ड्रेसिनाच. तीन काड्या ठेवल्या की सुख, आठ ठेवल्या की पैसा, असं सांगून तो विकतात. काड्या मोजून कोणाचं घर चालत नाही. झाड आवडलं तर एक काडी आणा, तीही तितकीच वाढते.

जागा आणि माती

ड्रेसिनाला उजेड हवा, पण थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीजवळ किंवा दारापासून दोन-तीन हात आत ही चांगली जागा. एप्रिल-मे महिन्यांत अकलूजला पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली वरच्या बाजूला जास्त तापतं. त्या दिवसांत कुंडी फळीवरून काढून जमिनीवर ठेवा. चुलीजवळ किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नका.

नीरेकाठची काळी माती उसाला चांगली, पण कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. दोन भाग साधी भुसभुशीत माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. कुंडी विकत घ्यायची गरज नाही. रंगाची रिकामी बादली धुऊन तिच्या तळाला चार-पाच भोकं पाडली की काम होतं.

पाणी आणि करपलेली टोकं

ड्रेसिना तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतो. रोज सवयीने तांब्या ओतू नका. बोटाची दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत द्या. थंडीत ही वेळ बऱ्याच दिवसांनी येते. खालची पानं पिवळी पडून खोड मऊ लागलं, तर मुळं कुजू लागली आहेत असं समजा.

टोकं तपकिरी होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड. या झाडाला फ्लोराइड सोसत नाही. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर दिसू लागतो, तो याच क्षारांचा. फिल्टरच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी काही जण झाडांना घालतात, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. ड्रेसिनाला जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या. पत्र्यावरून धरलेली एक बादली झाकून ठेवली तरी पुष्कळ दिवस पुरते.

हवा शुद्ध होते का?

१९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत काही झाडं ठेवून प्रयोग केला. त्यात ड्रेसिनाही होता आणि पेटीतले विषारी वायू कमी झालेले दिसले. तिथूनच ही गोष्ट पसरली. पण आपलं घर बंद पेटी नाही. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. उघड्या खिडकीने सहज होणारं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर एका चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, असं त्यात निघालं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत ९० च्या वर कुंड्या! चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल यांवर उपाय खिडकी उघडणं हाच आहे. झाड डोळ्यांना गारवा देतं, त्यासाठी जरूर ठेवा. बाळाला दमा असेल तर मात्र झाडावर विसंबू नका.

सर्वांत महत्त्वाचं : डास

डेंगीचा डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची बशी आणि लकी बांबूचं काचेचं भांडं त्याला पुरेसं असतं. २००१ साली चीनहून अमेरिकेत गेलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून असेच डास कॅलिफोर्नियात पोचले होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा.

त्या दिवशी बशी नुसती ओतू नका, घासा. अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जगतात. बशीत वाळू भरून ठेवली तर पाणी साठतच नाही. लकी बांबू मातीत लावता येतो, तेच बरं. पाण्यातच ठेवायचा असेल तर दर आठवड्याला पाणी बदला, भांडं आणि खडे घासून धुवा.

ताप आलाच तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पोटात तीव्र दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार सुस्ती, यांपैकी काही दिसलं तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. ताप उतरत असतानाच हा धोका वाढतो, तेव्हा निर्धास्त राहू नका.

आणखी दोन गोष्टी

ड्रेसिनाच्या पानांत सॅपोनिन असतं. ती खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना उलट्या होतात. रांगत्या मुलाच्या आणि करडांच्या तोंडाला कुंडी लागेल अशी ठेवू नका. पानांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पातळ पाण्यात कापड भिजवून पुसून घ्या.

झाड उंच होऊन बोडकं दिसू लागलं, तर पावसाळ्यात शेंडा छाटा. वीतभराचा तुकडा एक दिवस सावलीत सुकवून ओलसर वाळूत लावा. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात आणि छाटलेल्या खोडालाही नवे कोंब येतात. ते रोप शेजारच्या घरी द्या, आणि देताना बशीत वाळू भरूनच द्या.