जुन्या मोटारसायकलचा पुढचा फोर्क कसा ओळखायचा?



आपल्या मंगळवेढ्यात एका विद्यार्थ्याच्या आजोबांची जुनी राजदूत भंगारात निघाली होती. पुढचं चाक डगमगायचं. कोणीतरी सांगितलं, "फोर्क वाकलाय, आता असला मिळत नाही." आम्ही खाली बसून नीट पाहिलं, तर सांध्यातले बुश झिजले होते, बाकी सगळं ठीक. लेथवर नवीन बुश करून घेतले आणि गाडी वाचली. म्हणून आज फोर्क ओळखायला शिकूया.

फोर्क म्हणजे काय? सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो चाक धरतो. मोटारसायकलचा फोर्क चाक धरतो आणि खड्ड्याचा दणकाही सोसतो. ओळखताना एकच प्रश्न विचारा : यातला हलणारा सांधा कुठे आहे?

१) गर्डर फोर्क – सांधा वर. दोन्ही बाजूंचे दांडे ताठ असतात. हलतात त्या हॅंडलखालच्या छोट्या पट्ट्या, आणि स्प्रिंगही तिथेच दिसते. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या गाड्यांना हा फोर्क होता.

२) टेलिस्कोपिक फोर्क – सांधाच नाही. दुर्बिणीसारखी एक नळी दुसरीत सरकते. आत स्प्रिंग आणि ऑइल असतं. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये ऑइलचा असा फोर्क गाड्यांना बसवला. मद्रासला १९५५ पासून तयार झालेली बुलेट आणि म्हैसूरची जावा, दोन्हींना हाच फोर्क. नळीवर ऑइल ओघळलेलं दिसलं, तर ऑइल सील तपासा.

३) अर्ल्स पद्धतीचा फोर्क – सांधा चाकाच्या मागे. दांडे चाकाच्या मागून खाली येतात. तिथून एक लांब हात पुढे येऊन चाकाचा आस धरतो आणि बाजूला दोन शॉकअप दिसतात. अर्नेस्ट अर्ल्स या ब्रिटिश अभियंत्याचं नाव याला मिळालं. पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून बनलेल्या आपल्या जुन्या राजदूतला असाच फोर्क होता. पुढचा ब्रेक दाबला की टेलिस्कोपिक फोर्क खाली बसतो, अर्ल्स फोर्क मात्र तसा बसत नाही, उलट किंचित उचलतो.

एक लक्षात ठेवा, फक्त टाकीवरचं नाव वाचून ठरवू नका. नंतरच्या काही राजदूतना टेलिस्कोपिक फोर्क आला होता. शिवाय जुन्या गाडीला दुसऱ्याच गाडीचे भाग बसवलेले असू शकतात. नाव बदलता येतं, सांधा मात्र खोटं बोलत नाही.

करून पाहा : गाडी बंद असताना घरातल्या मोठ्या माणसाला हॅंडल दाबायला सांगा. तुम्ही बाजूला बसून बघा, काय हलतं? बोटं मध्ये घालायची नाहीत हं!

स्वाध्याय
१. तुमच्या गल्लीतल्या तीन जुन्या गाड्यांचे फोर्क पाहून चित्रं काढा व सांध्यावर बाण दाखवा.
२. चेतक स्कूटरचं पुढचं चाक किती बाजूंनी धरलेलं असतं? निरीक्षण करून लिहा.

आणि घरातली जुनी गाडी भंगारात द्यायच्या आधी एकदा खाली बसून नक्की बघा!