कितीपैकी किती?

स्तनाच्या कर्करोगाविषयी घरी, रेल्वेच्या डब्यात आणि हल्ली हातातल्या फोनवर जी माहिती मिळते, ती सगळी एका जातीची नसते. काही निव्वळ ऐकीव असते. मुका मार लागला की कर्करोग होतो, हा रोग स्पर्शाने लागतो, जी गाठ दुखत नाही ती निरुपद्रवी. पहिल्या दोन समजुतींना आधार नाही. तिसरी तर जिवावर बेतणारी आहे, कारण या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. या वर्गाविषयी एवढे पुरे. अधिक फसगत होते ती दुसऱ्या वर्गातील माहितीने. ती खरी असते, तिच्यात आकडाही असतो, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

अमेरिकेत रजोनिवृत्ती झालेल्या १६,६०८ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग चालू होता. सुमारे निम्म्या स्त्रियांना दोन संप्रेरके असलेली गोळी देत, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. जुलै २००२ मध्ये हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. संप्रेरके घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले होते. हे वाचून कोणालाही वाटेल की शंभरांतील सव्वीस जणींना रोग झाला. प्रत्यक्षात काय होते? औषध न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा रोग होत होता, घेणाऱ्यांत ३८ जणींना. वाढ आठाची. मूळच्या तिसांशी तुलना केली तर ती मोठी दिसते, दहा हजारांशी केली तर लहान. दोन्ही विधाने खरी आहेत. गोळी विकणारा आठ सांगेल आणि बातमी खपविणारा सव्वीस! पण म्हणून आठ क्षुल्लक ठरत नाहीत. दहा लाख स्त्रिया ती गोळी घेत असतील, तर वर्षाला ८०० रोगी वाढतील.

आता आपल्याच मुंबईतील आकडे पाहू. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातील १,५१,५३८ स्त्रियांची दीर्घ पाहणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. कितीपैकी किती? वर्षाला एक लाखात सुमारे ३५ च्या जागी २५. एवढ्या साध्या उपायाने लाखात दहा जीव वाचत असतील, तर तो मला तरी स्वस्त वाटतो. मात्र सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र घेतल्या की घट १५ टक्क्यांची भरते, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पन्नाशीपुढील गट संशोधकांनी मागाहून वेगळा काढून पाहिला होता, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा वर्ग तपासणीच्या निकालाचा. प्रयोगशाळेतील गायगर गणक जवळ किरणोत्सारी पदार्थ नसतानाही टिकटिकत असतो. पार्श्वभूमीचे हे ठोके वजा केल्याशिवाय वाचनाला अर्थ नसतो. रोगाच्या तपासणीतही असेच असते. समजा, काहीही त्रास नसलेल्या १००० स्त्रियांची मॅमोग्राफी केली, म्हणजे क्ष-किरणांनी स्तनांची चित्रे घेतली. हिशेबाला सोपे आकडे घेऊ. त्यांतील १० जणींना खरोखर रोग आहे. तपासणीत या १० पैकी ९ जणी सापडतात, पण रोग नसलेल्या दर शंभरांतील ९ जणीही संशयित ठरतात. रोग नसलेल्या ९९० आहेत, त्यांचे शेकडा ९ म्हणजे ८९. एकूण संशयित ९८ झाल्या आणि त्यांत खऱ्या रोगी ९, म्हणजे सुमारे अकरांत एक. 'तपासणी नव्वद टक्के रोग ओळखते' हे ऐकलेली बाई मात्र आपल्याला रोग असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे असे धरून बसते. म्हणूनच या चित्रावर निदान थांबत नाही. संशयित जागेतील लहानसा तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

आता एकच आकडा बदलू. या १००० जणी हाताला गाठ लागली म्हणून आल्या आहेत आणि त्यांतील १०० जणींना रोग आहे, असे समजा. तपासणी तीच. आता रोग असलेल्या ९० आणि नसलेल्या ८१ जणी संशयित ठरतील. म्हणजे संशयितांपैकी निम्म्याहून अधिक जणींना खरोखर रोग आहे! यंत्र बदलले नाही, त्याच्यासमोर आलेल्या स्त्रिया बदलल्या. 'बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात' हे विधान याही हिशेबात खरेच आहे, कारण ९०० जणींना रोग नाही. पण उरलेल्या शंभर कोणत्या, हे घरी चाचपून कळत नाही. म्हणून गाठ दुखो वा न दुखो, ती डॉक्टरांना दाखवायची असते.

या दुसऱ्या हिशेबात ८२९ जणी संशयित ठरल्या नाहीत. त्यांपैकी किती जणींना रोग आहे, ते वाचकांनी काढून पाहावे. उत्तर शून्य नाही.