माळ्यावरचे न धुतलेले रंगीत रीळ: पैसे कुठे घालावेत?

तीस-चाळीस वर्षे न धुतलेल्या रंगीत सिने-फिल्मवर पहिला रुपया खर्च करण्याआधी तिच्या वेष्टनावरची अक्षरे वाचा. किती पैसे जातील आणि हाती काय लागेल, हे बरेचसे तिथेच ठरते.

सुपर-८ च्या कार्ट्रिजवर ‘कोडाक्रोम’ लिहिले असेल, तर रंगाची आशा सोडा. इतर रंगीत फिल्मांत रंग घडवणारी द्रव्ये थरांतच असतात. कोडाक्रोममध्ये ती धुताना बाहेरून घालावी लागत. त्या के-१४ प्रक्रियेची तयार रसायने आज विकत मिळत नाहीत. ती प्रक्रिया करणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स गावी होती. ‘ड्वेन्स फोटो’ या त्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोम घेणे थांबवले. धुण्याचे पैसे आधीच भरलेले जुने पाकीट सोबत सापडले, तरी त्याचा आता उपयोग नाही. चित्र मात्र बहुधा शाबूत असते आणि ते कृष्णधवल रूपात घरीच बाहेर काढता येते.

लेबलवर ‘ई-६’ ही प्रक्रिया लिहिलेली असेल तरच रंगाचा विचार करावा. त्याच्या रसायनांचा संच साधारण चार-पाच हजारांना पडतो आणि उघडल्यावर फार टिकत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि दमट हवेत वर्षे काढलेल्या फिल्मचे रंग एकसारखे उतरलेले नसतात. हाती बरेचदा जांभळट धुके येते. ई-६ पूर्वीच्या काही फिल्मांचा जिलेटिनचा थर तर ३८ अंशांच्या द्रावणात मऊ पडून सुटू लागतो. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: घरातल्या माणसांचे एकुलते एक रीळ असेल, तर रंगाचा हट्ट धरू नका. चेहरा दिसणे महत्त्वाचे.

कृष्णधवलचा खर्च आटोक्यातला आहे. डी-७६ किंवा एचसी-११० सारखा डेव्हलपर पाचशे ते दीड हजार, फिक्सर तीनशे ते सहाशे, धुण्याचा सोडा पन्नास-शंभर, थर्मामीटर, मापे आणि हातमोजे मिळून सात-आठशे. म्हणजे पहिल्या रिळाला दीड ते तीन हजार धरा; दुसऱ्याला फक्त रसायने. दर शहराप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतात. खरा महाग भाग म्हणजे टाकी. १५ मीटर सुपर-८ मावणारी सोव्हिएत बनावटीची लोमो टाकी परदेशातून जुनी मागवावी लागते. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून ती दहा हजारांच्या पुढे जाते. एकाच रिळासाठी ती घेऊ नये. पूर्ण अंधारात झाकणाच्या बादलीत फिल्म सैल सोडूनही काम होते. ओरखडे आणि डाग येतात, पण चित्र येते.

कार्ट्रिजमधून दिसणाऱ्या फिल्मवर इंग्रजीत ‘एक्स्पोज्ड’ छापलेले दिसले, तर रीळ पूर्ण चाललेले आहे. आता चाचणी, आणि ती टाळू नये. अंधारात एक फूट फिल्म कापा. त्यात ७२ चौकटी असतात, म्हणजे सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने फक्त चार सेकंद. पूर्ण रीळ तीन मिनिटे वीस सेकंदांचे. डेव्हलपर २० अंशांवर ठेवून सहा-सात मिनिटांपासून सुरुवात करा. मुंबईत नळाचे पाणी बरेच महिने २५ च्या वर असते, तेव्हा भांड्याभोवती बर्फ लागेल. तुकडा सगळाच काळवंडला, तर लिटरमागे बेन्झोट्रायझोलच्या एक टक्का द्रावणाचे १५-२० मिलिलिटर घालून दुसरा तुकडा धुवा, धुके दबते. फिक्सरनंतर कोडाक्रोमच्या पाठीवरचा काजळीचा थर सोड्याच्या पाण्यात भिजवून ओल्या स्पंजने पुसून काढा. तो राहिला तर स्कॅनिंगचे पैसे वाया जातात. पुसल्यावरही फिल्म पिवळट-तपकिरी दिसेल. आतल्या पिवळ्या गाळणीच्या थराचा तो रंग आहे, स्कॅनमध्ये सावरता येतो.

पॉझिटिव्ह बनवण्याच्या खटपटीत पडू नका. त्यासाठी लागणारे पोटॅशियम डायक्रोमेट विषारी आहे आणि संगणकावर निगेटिव्ह क्षणात उलटवता येते. स्कॅनिंगला एका रिळाचे दीड ते तीन हजार रुपये पडू शकतात. चौकट-चौकट स्कॅन करतात की पडद्यावर दाखवून त्याचेच चित्रण करतात, हे आधी विचारा. दुसऱ्या पद्धतीला कमी पैसे द्या.

दोन्ही तुकड्यांवर काहीच ओळखू आले नाही, तर उरलेले रीळ अंधारातच बंद डब्यात ठेवा आणि तज्ज्ञ लॅबला विचारा. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातली ‘फिल्म रेस्क्यू इंटरनॅशनल’ हेच काम करते. परदेशी लॅबचा खर्च कुरिअर धरून सहज दहा हजारांवर जातो, वाटेत क्ष-किरण तपासणीचा धोका असतो आणि महिनोन्महिने थांबावे लागू शकते. लग्नाचे किंवा गेलेल्या आजी-आजोबांचे रीळ असेल, तर तो खर्च मला योग्य वाटतो. डोंगर-समुद्राच्या सहलीसाठी नाही.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. एक्स-रे केंद्रांचा जुना हायपो, म्हणजे फिक्सरच, विकत नेणारे लोक असतात, त्यांच्याकडे द्या.